ताळेबंदात न दाखविलेले देणे
(आयशर मोटर्स लिमिटेडच्या संचालक मंडळास अनावृत पत्र)

सन्माननीय संचालक महोदय यांसी,



आपल्या कारखान्यात घडलेली एक मोटारसायकल माझ्या दारात उभी आहे आणि तिच्याविषयी माझी काडीमात्र तक्रार नाही. सबब हे पत्र आपल्या ग्राहक-सेवेच्या दफ्तराकडे वर्ग करू नये, तेथून येणारे ठरावीक नमुन्याचे दिलगिरीपत्र मला पाठवू नये आणि ‘आपल्या अडचणीची नोंद घेतली आहे’ असे आश्वासनही देऊ नये, एवढी प्रारंभीच विनंती आहे. मला जे मांडायचे आहे ते एका गाडीच्या नादुरुस्तीविषयी नाही. आपला नफा कोणी पुरविला आणि ज्यांनी तो पुरविला त्यांच्या पदरात काय पडले, या जुन्या व दोन्ही पक्षांनी आजवर सोयीस्करपणे अर्धवट सोडलेल्या हिशेबाविषयी ते आहे.

२०२४-२५ या हिशेबी वर्षात रॉयल एन्फील्ड या नावाच्या १० लाखांहून अधिक मोटारसायकली खपल्या. कंपनीच्या इतिहासात हा आकडा प्रथमच गाठला गेला, आणि त्या वर्षाचा एकत्रित निव्वळ नफा ४,७०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. त्यात व्होल्वोबरोबरच्या भागीदारीत चालणाऱ्या ट्रकधंद्याचा वाटा आहे, हे मी विसरलेलो नाही. तथापि कंपनीचा प्राण मोटारसायकलीत आहे हे आपणही नाकारणार नाही. व्याज, घसारा व कर वजा जाण्यापूर्वी शंभर रुपयांच्या विक्रीमागे सुमारे २५ रुपये आपल्या हाती उरले. २०१७-१८ साली, जेव्हा आपण ८ लाखांच्या वर गाड्या विकल्या, तेव्हा हेच प्रमाण ३१ च्या घरात होते. याच देशात, याच रस्त्यांसाठी दुचाकी बनविणाऱ्या बजाजसारख्या कसलेल्या व काटकसरी कारखान्याच्या हाती शंभरामागे २० च्या आसपास आणि हीरोच्या हाती १४-१५ राहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या यशाची उंची कळते. कर्जाचा बोजा नाही आणि हजारो कोटींची गंगाजळी गुंतवणुकीत सुरक्षित आहे. असा ताळेबंद पाहून कोणत्याही हिशेबनिसाला धन्यता वाटावी.

नफा हे पाप आहे असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. तोट्यात चालणाऱ्या कारखान्याची गाडी विकत घेणे म्हणजे काय, हे म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडल्यावर येझदीवाल्यांनी पुरेपूर भोगले आहे. आपलाही कारखाना त्याच मार्गाला लागला होता, ही गोष्ट आजच्या तरुण खरेदीदारांना सांगूनही खरी वाटत नाही. १९९० साली आयशरने एन्फील्ड इंडियात पाऊल टाकले, १९९४ साली ती सर्वस्वी आपल्यात विलीन केली, आणि २००० सालच्या सुमारास महिन्याला जेमतेम २,००० गाड्या खपत असताना हा तोट्यातील विभाग बंद करावा किंवा विकून टाकावा, असा विचार आपल्याच दालनात गंभीरपणे चालला होता. त्या वेळी विशीतील सिद्धार्थ लाल यांनी मुदत मागून घेतली आणि पुढे समूहाच्या पंधरापैकी तेरा धंद्यांना रजा देऊन मोटारसायकल व ट्रक या दोहोंवरच सारे बळ एकवटले. धंद्याच्या इतिहासात हा निर्णय धैर्याचा म्हणून नोंदला जाईल, आणि तो तसा होताच. परंतु त्या वेळी मुदत केवळ संचालक मंडळाने दिली नव्हती. मुदत देणारा दुसराही एक पक्ष होता, आणि त्याचा उल्लेख मला कोणत्याही वार्षिक अहवालात आढळलेला नाही.

तो पक्ष म्हणजे गाडीचा मालक. पश्चिम महाराष्ट्रात बुलेट कोणाच्या दारात असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या मालकाचे वेगळे वर्णन नको. फौजदार, तालमीत घुमलेला पैलवान, दूध संघाचा पदाधिकारी, साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहण्याच्या बेतात असलेला बागाईतदार, आणि क्वचित एखादा हौशी प्राध्यापक, अशी ही मंडळी. गाडीला किक मारणे हा त्यांच्यालेखी एक संस्कार होता: डिकॉम्प्रेसरची कळ दाबायची, हळूहळू किक फिरवीत अ‍ॅम्पियर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, कळ सोडायची आणि मग पूर्ण देहभार देऊन एकच दणका द्यायचा, क्रम चुकला तर किक उलटून पायाच्या नळीवर बसे. उजव्या पायाचा गिअर, डाव्या पायाचा ब्रेक आणि न्यूट्रल शोधण्यासाठी वेगळी दांडी, हे सारे इतर कोणत्याही गाडीवर शिकलेले ज्ञान निरुपयोगी ठरविणारे होते. इंजिनच्या सांध्यांतून तेल पाझरे. मिस्त्री पॅकिंग बदलून, शेलॅक लावून, बोल्ट आवळून देई, आणि काही आठवड्यांनी पुन्हा गाडीखाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर काळा डाग उमटे. त्यावर मालकमंडळींनी विनोदही करून ठेवला होता: बुलेटचे तेल गळायचे थांबले, तर समजावे की आतले तेल संपले!

हा विनोद मला फार महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा दोष खरेदीदार रागाने सांगतो. येथे तो अभिमानाने सांगत होता. ज्या दोषाची किंमत कारखान्याने मोजायची, ती मालकाने आपल्या वेळेने, आपल्या पैशाने, मिस्त्रीच्या कसबाने आणि वर आपल्या प्रेमाने चुकती केली. रविवारची सकाळ पान्याच्या पेटीपाशी घालविणाऱ्या त्या माणसाची मजुरी आपल्या खर्चाच्या रकान्यात कधीच पडली नाही आणि म्हणूनच ती आपल्या नफ्याच्या रकान्यात पडली. पुढे जाहिरातीच्या शास्त्रात निष्णात असलेल्या मंडळींनी याच सोशिकपणाला ‘गाडीचा स्वभाव’ असे गोंडस नाव दिले, थरथरीला ‘जिवंतपणा’ म्हटले, आणि वस्तूतील उणीव हाच तिचा गुण म्हणून विकण्याचा चमत्कार घडवून आणला. या चमत्काराचे श्रेय मी आपल्याला मोकळ्या मनाने देतो. त्याचे भांडवल मात्र आपले नव्हते.

येथे मोबाइलवरून फिरणाऱ्या एका हिशेबाची आठवण होते. या शतकाच्या प्रारंभी एका गृहस्थाने बुलेट घेतली. त्याच दिवशी दुसऱ्याने तितक्याच पैशांचे याच कंपनीचे शेअर घेतले. आज पहिल्याच्या दारात जुने लोखंड आहे आणि दुसरा कोट्यधीश आहे, अशी ती कथा. आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, परंतु तिच्यातील तथ्य निर्विवाद आहे, कारण २००९ साली काही शे रुपयांना मिळणारा आपला शेअर २०१७ साली ३०,००० रुपयांच्या वर गेला होता. कथेचे तात्पर्य असे सांगितले जाते की पहिला मूर्ख आणि दुसरा शहाणा. मला हा न्याय उफराटा वाटतो. सारेच त्या दुसऱ्यासारखे शहाणे निघाले असते आणि गाडी कोणीच घेतली नसती, तर त्या शेअरांच्या कागदाला रद्दीचाही भाव आला नसता. शहाण्याची श्रीमंती मूर्खाच्या खिशातून आली आहे, आणि मूर्खाला त्याबद्दल साधे आभाराचे पत्रही गेलेले नाही.

मालकांमध्ये या बाबतीत एकमत नाही, हे सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. चहाच्या टपरीवर चार बुलेटवाले एकत्र आले की पाच पक्ष होतात. एक म्हणतो, कंपनी मोठी झाली म्हणूनच गावोगाव सर्व्हिस सेंटर झाले, नाहीतर क्लच प्लेटसाठी मुंबई-पुण्याचे खेटे घालावे लागत होते. दुसरा म्हणतो, जुनी गाडी गळत होती पण तिचे पत्रे जाड होते; आता गळत नाही, पण गंजते. तिसरा भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवितो. दर नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला आपला जो मेळा भरतो, त्याला तो न चुकता जातो, आपले जाकीट, आपले हेल्मेट, आपल्या टोप्या विकत घेतो आणि गाडीच्या दोषाचा विषय काढणाऱ्याला कुलद्रोही समजतो. चौथा निमूटपणे गाडी विकून चाकणला बनलेली ट्रायम्फ घेऊन आलेला असतो व तिच्या हप्त्यांविषयी बोलत नाही. आपल्याला यांपैकी तिसऱ्याचा सहवास अधिक घडत असावा.

दुसऱ्याच्या तक्रारीपाशी मात्र क्षणभर थांबणे अवश्य आहे, कारण नफा व गुण यांची गाठ नेमकी कोठे पडते, हे तेथे दिसते. चकाकणाऱ्या क्रोमचा थर हा मायक्रॉनच्या अपूर्णांकाएवढा पातळ असतो. गंजापासून लोखंडाचे रक्षण तो करीत नाही. ते करतो त्याच्या खालचा निकेलचा थर, आणि उघड्या हवेत वापरायच्या वस्तूला तो वीस-तीस मायक्रॉन जाडीचा लागतो. निकेल महाग आहे. तो थर थोडा पातळ केला तर शोरूममधल्या दिव्याखाली काही फरक दिसत नाही, चालवून पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि हमीच्या मुदतीत बहुधा काही घडतही नाही. फरक कळतो तो तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा काणकोणच्या खाऱ्या हवेत, आणि तोवर त्या गाडीचा नफा वाटूनही झालेला असतो. भोसरी-चाकणच्या लहान कारखानदारांना विचारले तर ते सांगतील की वाहनधंद्यातील मोठी गिऱ्हाइके दरसाल सुट्या भागाचा भाव काही टक्क्यांनी उतरवून मागतात. धातूचा भाव उतरत नाही, विजेचा उतरत नाही, कामगाराची मजुरी उतरू नये. मग उतरायचे ते काय, हे त्या कारखानदाराने आपल्या विवेकाला विचारायचे. हा रिवाज एकट्या आपला नव्हे, साऱ्या धंद्याचा आहे. परंतु शंभरामागे १४ उरणाऱ्याने तो पाळावा आणि ३१ उरणाऱ्यानेही पाळावा, यांत तफावत आहे.

आपल्या पूर्वजांचा इतिहास या संदर्भात आपण पुन्हा वाचावा, असे मला सुचवावेसे वाटते. इंग्लंडातील रेडिच गावी १९०१ साली पहिली रॉयल एन्फील्ड मोटारसायकल तयार झाली. बंदुकीइतकी पक्की घडण, अशी तिची ख्याती तिच्या कारखान्यानेच मिरविली. १९५५ साली मद्रास मोटर्सशी भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया स्थापन झाली, तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला आणि भारतीय लष्कर व पोलीस तिचे मोठे गिऱ्हाईक बनले. त्याच काळात मूळ कंपनीसह साऱ्या ब्रिटिश मोटारसायकल धंद्याला मात्र उतरती कळा लागत होती. १९५८ साली होंडाची लहानगी सुपर कब निघाली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या साहेबांनी ती खेळणे म्हणून हसण्यावारी नेली. लहान गाड्यांचा बाजार जपान्यांनी घेतला, तेव्हा त्यात नफा थोडा होता असे म्हणून साहेब मोठ्या गाड्यांकडे सरकले. मध्यम गाड्यांचा घेतला, तेव्हा आणखी मोठ्या गाड्यांकडे सरकले. १९६९ साली होंडाने चार सिलिंडरांची, कळ दाबताच सुरू होणारी, डिस्क ब्रेकची आणि तेल न गळणारी ७५० सी.सी.ची गाडी आणली, तेव्हा मागे सरकायला जागा उरली नव्हती. १९७५ साली ब्रिटिश सरकारने बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपकडून या ऱ्हासाची चौकशी करविली, तेव्हा अहवालात हेच निदान निघाले की प्रत्येक टप्प्यावर अल्प मुदतीच्या नफ्याकडे पाहून बाजार सोडला गेला आणि त्यापायी नफाही शेवटी गेला. रेडिचचे धुराडे त्याच्या कितीतरी आधी, १९६७ सालीच, थंडावले होते.

मग मद्रासची शाखा कशी जगली? ती काही रेडिचपेक्षा चांगली गाडी बनवीत होती म्हणून नव्हे. तेच साचे, तीच ओतीव घडण, तेच गळके सांधे. ती जगली, कारण परदेशी मोटारसायकलीला या देशाची दारे बंद होती आणि आतल्या मालकाला फारसा दुसरा पर्याय नव्हता. आणि दारे उघडल्यावर शंभर सी.सी.च्या जपानी बनावटीच्या गाड्यांचा पूर आला, तेव्हाही ती जगली ती त्याच मालकाच्या हट्टापायी. इंग्रज ग्राहक आपल्या कारखान्यांना सोडून गेला. आपला ग्राहक गेला नाही. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या बाबतीत असाच प्रकार घडला होता: १९६९ साली ए.एम.एफ. या बड्या उद्योगसमूहाने ती विकत घेऊन उत्पादन भराभर वाढविले, गाड्यांचा दर्जा घसरला, मालकांनी टवाळी केली पण साथ सोडली नाही, आणि १९८१ साली तेरा अधिकाऱ्यांनी कर्ज काढून कंपनी परत विकत घेतली, तेव्हा त्यांच्या हाती त्या मालकांच्या निष्ठेखेरीज फारसे काही शिल्लक नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०१८ साली आपल्या ६५० सी.सी.च्या दोन सिलिंडरांच्या गाड्या आल्या आणि जाणकारांनी तोंडात बोट घातले. पाठोपाठ २०२० साली मीटिअर व २०२१ साली नवी क्लासिक यांमध्ये ३५० सी.सी.चे नवे इंजिन आले, ज्यात बॅलन्सर शाफ्ट आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरखाली आदळताना जी थरथर उत्पन्न होते, तिला उलट दिशेने फिरणारे वजन लावून शमविण्याची ही युक्ती. जपानी कारखान्यांनी ती सत्तरीच्या दशकातच रुळविली होती. म्हणजे ज्या थरथरीला दहा-पंधरा वर्षे ‘स्वभाव’ म्हणून विकले, ती काढून टाकता येत होती आणि काढल्यावर गिऱ्हाईक पळाले नाही. उलट खप वाढला. लेस्टरशरमधील ब्रंटिंगथॉर्पचे संशोधन केंद्र, वल्लम वडगलचा नवा कारखाना, नवी यंत्रे, नवे अभियंते, हे सारे उभे करण्यास जो पैसा लागला तो कोठून आला? कंपनीने तो कर्जाऊ काढला नव्हता. २००९ ते २०१८ या काळात ज्यांनी महिनोन् महिने नंबर लावून, आगाऊ रकमा भरून, जुन्या इंजिनाची क्लासिक घेतली, त्यांनी मोजलेल्या पैशांतून उरलेल्या नफ्यातून तो आला. चांगल्या इंजिनाची किंमत ज्याने दिली, त्याला चांगले इंजिन मिळाले नाही. ते त्याच्यानंतर आलेल्याला मिळाले. व्यवहारात असे घडते, हे मी जाणतो. परंतु ज्याच्या पैशावर घर उभे राहिले त्याला निदान ओटीवर बसण्याचा मान असावा, इतकी अपेक्षा आमच्याकडे गैर समजली जात नाही.

सुधारणा झाली, पण कशामुळे झाली, हेही मालक विचारतात. धुराचे नियम कडक झाले तेव्हा जुने ओतीव लोखंडाचे इंजिन गेले. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना ए.बी.एस. बंधनकारक झाले तेव्हा ते आले. बजाजने २०१७ साली डोमिनारच्या जाहिरातीत हत्ती पाळू नका म्हणून रॉयल एन्फील्डच्या गिऱ्हाइकांची जाहीर चेष्टा केली. जावा परतली, होंडाने ३५० सी.सी.ची गाडी आणली, ट्रायम्फ चाकणला बनू लागली. (त्या जाहिरातीने आपले फारसे नुकसान झाले नाही, कारण हत्ती पाळणाऱ्याला हत्तीचीच हौस असते.) नियमाच्या फर्मानाने किंवा प्रतिस्पर्ध्याच्या धाकाने जे घडले, ते स्वयंप्रेरणेने दहा वर्षे आधी का घडू नये, एवढाच हा प्रश्न आहे. याला अपवाद म्हणून एक उदाहरण मी आनंदाने देतो. मे २०२१ मध्ये इग्निशन कॉइलमधील दोष आपल्याच चाचण्यांत आढळल्यावर आपण २,३६,९६६ गाड्या तपासणीसाठी परत बोलाविल्या, आणि दहांतील एकीहून कमी गाडीत भाग बदलावा लागेल असा अंदाज असतानाही सर्वांना बोलाविल्या. दोष कबूल केल्याने अब्रू जाते, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. माझ्या परिचयातील बुलेटवाल्यांनी कंपनीला नावे ठेवली नाहीत, मिस्त्रीला मात्र ठेवली, कारण तो कॉइल सोडून इतर सर्व काही बदलीत बसला होता.

शेअरधारकाला आपल्या दरबारात काय स्थान आहे, हे २०२१ सालीच दिसून आले. व्यवस्थापकीय संचालकांची फेरनियुक्ती व वाढीव वेतन यांचा विशेष ठराव त्या वर्षीच्या सभेत पुरेशा बहुमताअभावी नामंजूर झाला आणि वेतनाची मर्यादा खाली आणून तो पुन्हा मांडावा लागला. मताचा अधिकार असला म्हणजे संचालकांचे वेतनही आटोक्यात येते! ज्याने गाडीचे दोन-सव्वादोन लाख मोजले, त्याला असे मत नाही; म्हणून मी गेल्या वर्षी आपला एक शेअर विकत घेतला आणि वार्षिक अहवालाची पाने चाळू लागलो. त्या अहवालाच्या मागच्या टिपणांत, जेथे सहसा कोणी पोहोचत नाही, हमीपोटी केलेल्या तरतुदीचा एक तक्ता असतो: वर्षारंभीची शिल्लक, वर्षात घातलेली भर, प्रत्यक्ष खर्ची पडलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक. आपल्या गाडीत किती दोष निघतील याचा आपण स्वतःच, हिशेबाच्या कायद्याला अनुसरून, बांधलेला तो अंदाज आहे. साऱ्या अहवालात मालकाच्या दृष्टीने याहून वाचनीय असे दुसरे पान नाही, आणि जाहिरातीत ज्याचा उल्लेख कधी होणार नाही असेही दुसरे नाही.

माझी मागणी या पानापासूनच सुरू होते. त्या तक्त्यातील रक्कम कोणत्या इंजिनावर, कोणत्या भागावर व किती गाड्यांमागे खर्ची पडली, याची फोड दरसाल प्रसिद्ध करावी. शेअरधारकाला नफ्याची विभागवार फोड मिळते, तशी मालकाला दोषाची मिळावी. त्याहून महत्त्वाचे असे की जुन्या ओतीव लोखंडाच्या व त्यानंतरच्या, २००८-०९ पासूनच्या इंजिनांचे सुटे भाग, ती इंजिने रस्त्यावर आहेत तोवर, अस्सल प्रतीचे व वाजवी भावाने मिळत राहतील, असे आपण लेखी जाहीर करावे आणि गंगाजळीतील एक रक्कम त्यासाठी निराळी काढून ठेवावी. दर तिमाहीला नवा रंग, नवी पट्टी आणि नवे नाव देऊन गाड्या काढण्यापेक्षा हे काम कमी आकर्षक आहे, हे मान्य. आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरांना जी तांत्रिक परिपत्रके जातात, ती गावच्या मिस्त्रीलाही वाचता यावीत, आणि शक्य तर त्याच्या भाषेत वाचता यावीत. आपल्या कारखान्याची लाज चाळीस-पन्नास वर्षे ज्याने आपल्या शेलॅकच्या डबीने झाकली, त्याला आपण आज ‘अनधिकृत’ म्हणता, हे ऐकायला बरे वाटत नाही. निकेलच्या थराविषयी मी काही मागत नाही. तो किती मायक्रॉनचा आहे, एवढे माहितीपुस्तिकेत छापावे. बाकीचे काम मालक आपापल्या परीने करतील.

सरकारकडे जावे असा सल्ला काही मित्रांनी दिला. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले असून सदोष गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम कारखानदाराला देण्याचा अधिकार केंद्र सरकारास प्राप्त झाला आहे, हे खरे. परंतु ते कलम पर्यावरणास, चालकास वा इतरांस अपाय पोहोचविणाऱ्या दोषासाठी आहे; गंजणाऱ्या मडगार्डाने कोणाचा जीव जात नाही आणि जुन्या इंजिनाचा क्रँक न मिळाल्याने रस्त्यावर अपघात होत नाही, गाडी फक्त गोठ्यात जाऊन पडते. तेव्हा फिर्याद कोर्टात चालण्याजोगी नाही. ती आपल्याच सभेत चालावी.

येत्या वार्षिक सभेत, जी आता पडद्यावरच भरते, बोलू इच्छिणाऱ्या शेअरधारकाने आगाऊ नाव नोंदवावे अशी सूचना आपल्या नोटिशीत असते. त्याप्रमाणे मी नाव नोंदविणार आहे. वरील मागण्यांपैकी सुट्या भागांची मागणी मी तेथे प्रश्नरूपाने मांडेन, आणि उत्तर ‘आम्ही कटिबद्ध आहोत’ या नमुन्याचे नसावे म्हणून प्रश्न आताच कळवितो: २०१२ साली घेतलेल्या क्लासिक ३५० चा क्रँक असेंब्ली हा भाग २०३२ साली कोल्हापूरच्या दुकानात मिळेल काय, आणि मिळाल्यास तो आपल्या कारखान्याचा असेल काय? प्रश्न मराठीत विचारलेला चालतो किंवा कसे, तेवढे उलट टपाली कळवावे.



आपला,
एक बुलेटवाला